गाठी गव्हाणीत

पाडव्याच्या दिवशी मी माझ्या सख्ख्या भावाच्या पहिल्या होळीच्या गाठ्या बैलांच्या गव्हाणीत घातल्या, ही गोष्ट आमच्या भावकीत अजून सांगतात. लग्नाकार्यात पंगत उठली, पानसुपारी सुरू झाली की कुणीतरी म्हातारी माझ्याकडे बोट दाखवते आणि नव्या सुनांना सांगते, "हेच थे इमल, लेकराची गाठी बैलाले चारनारी." सुना तोंडाला पदर लावून हसतात. माझं नाव विमल, पण गावात मी जन्मभर इमलच राहिले, तेव्हा नावालाही हरकत घेत नाही आणि आरोपालाही नाही. हाव, मीच ते. आज वेळ आली तर आजही चारीन.

आमचं गाव उंद्रीच्या पलीकडे, चिखलीच्या रस्त्याला. घर माळ्याचं. मळा बारमाही, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, आणि बाजाराच्या दिवशी पहाटे भाजीनं भरलेली बैलगाडी दारातून निघायची. लोकांना वाटतं, काय मजा असेल, रोज ताजी भाजी. भाजीवाल्याच्या घरी काय शिजतं ते भाजीवाल्याच्या लेकीला विचारावं. कोवळी मेथी, चकचकीत वांगी, एकसारखी भेंडी, हे सगळं पाणी शिंपडून, ओल्या गोणपाटाखाली झाकून बाजाराला जायचं. घरात राहायची ती पिवळ्या पानांची मेथी, किडकी वांगी, दातानं तुटणार नाही अशी निबर गवार. "चांगला माल लोकाचा, उरला तो आपला," असं बाबा म्हणायचे. ते काही कंजूष नव्हते. त्यांच्या बापानं तसंच केलं, त्यांनीही तसंच केलं. बाजारात गिऱ्हाइकापुढे किडकं वांगं गेलं तर त्यांना चार दिवस झोप लागायची नाही, घरातल्या ताटात गेलं तर त्याचं काही नव्हतं.

आणि उरलेल्याचीही आमच्या घरात एक रांग होती. आधी बाबा, मग मी, मग आत्या, आणि कढईच्या बुडाला जे चिकटून राहायचं ते मायचं. माय भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसून खायची. सकाळचं बेसन संध्याकाळी, संध्याकाळची आंबाडी सकाळी. सणावाराला पुरण उरलं की माय, खीर आंबायला आली की माय. "टाकाले काऊन पाह्यजे? मी खाऊन घेतो," हे तिचं पालुपद मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही स्वयंपाकघरात भांडं खरवडल्याचा आवाज आला की मला ती आठवते आणि तिच्याआधी राग आठवतो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. माय या घरात आली तेव्हा कोठीची किल्ली आत्याच्या कमरेला होती, आणि तिथेच राहिली. उंच, काटक, पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागायच्या आधी उठलेली. तिला घरातली प्रत्येक रीत पाठ. कोणत्या वाराला काय रांधायचं, कोणत्या पाव्हण्याला कोणता पाट, बाळंतिणीला सव्वा महिना काय द्यायचं, सगळं. ती वाईट बाई नव्हती. माझे केस तिनंच विंचरले, गोवरात रात्र रात्र माझ्या उशाशी तीच बसली. पण रीत आणि माणूस यांच्यात निवड करायची वेळ आली की तिचा हात रीतीकडे जायचा.

माझ्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी सुदा झाला. मी तेव्हा सातवी पास होऊन घरीच होते, कारण पुढची शाळा चिखलीला आणि चिखलीला पोरीला एकटं कोण पाठवणार. मुलगा झाला म्हणून आत्यानं गावभर पेढे वाटले आणि मायला डिंकाचे लाडू सुरू केले. लाडू आत्याचेच, गुळाच्या पाकातले, तुपानं थबथबलेले. माय खात होती आणि वाळत होती. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. दुपारी मळ्यात भाकर घेऊन जाताना बांधावर दोनदा टेकायची. शेजारच्या पारूकाकू यायच्या आणि म्हणायच्या, "कमजोरी हाय व. अंगात गोड गेलं पाह्यजे." मग लाडू वाढायचे. अजून वाळली की शिरा. शिऱ्यानंही भागेना तेव्हा आत्यानं सकाळच्या दुधात गूळ दुप्पट केला. आमच्याकडे कमजोरीवर दुसरं औषधच नव्हतं. ज्याला प्रेम दाखवायचं त्याच्या ताटात गोड वाढायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्या दिसायला लागल्या. काळ्या, बारीक, रांगेनं येणाऱ्या. माय जिथे लघवीला बसायची नेमकं तिथे. आत्यानं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "काळ्या मुंग्या हायत. लेकराच्या पायानं लक्ष्मी आली." तिनं त्यांच्या वाटेवर चिमूटभर पीठ टाकलं. घरात लक्ष्मी आली म्हणून आम्ही सगळे खूश.

संक्रांतीनंतर मायच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मळ्यातल्या बाईला काटा नवीन नसतो. सुईनं काढला, वर हळद-तेल बांधलं, झालं. पण ती जखम बरी होईना. करंगळीपासून पाऊल सुजलं, वास यायला लागला. बाबांनी शेवटी बाजाराच्या गाडीत भाजीच्या दुरड्या एका बाजूला सारल्या आणि मायला चिखलीला नेलं. सुदाला मांडीवर घेऊन मीही गेले. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, शुद्ध बोलायचा. त्यानं मायची लघवी काचेच्या नळीत घेतली, तिच्यात निळं औषध घातलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. पाहता पाहता ते निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी आमच्या घराच्या विटांसारखं लाल झालं. "हे तुमच्या अंगातलं गोड," डॉक्टर म्हणाला. बाबा म्हणाले, "तरी कमजोर कशी काय, साहेब?" डॉक्टरनं नळी खाली ठेवली.

मग त्यानं समजावून सांगितलं. साखर, गूळ, भात, बटाटा बंद. ज्वारीची भाकरी मोजून. पालेभाज्या भरपूर, मेथी, कारलं. गोळ्या वेळेवर. आणि पायाकडे बोट करून तो मायला म्हणाला, "बाई, जीभ सांभाळली तर हा पाय राहील. नाहीतर मला तो कापायला पाठवावा लागेल." मायनं सुदाला माझ्याकडून घेतलं आणि पदराखाली पाजायला घेतलं.

त्या दिवसापासून मी मायचं ताट माझ्या हातात घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात सगळ्यांनी डॉक्टरचं बोलणं मान डोलवून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मायच्या वाट्याला पुन्हा कढईचं बूड आलं, हे मी पाहिलं. पालेभाज्या भरपूर म्हणे. मळ्यात वाफेच्या वाफे मेथी डुलत होती आणि मायच्या ताटात पिवळा पाला! बाजाराच्या पहाटे बाबा जुड्या बांधत होते. मी त्यातल्या कोवळ्यात कोवळ्या दोन जुड्या उचलल्या.

"ठेव थे. बाजाराचा माल हाय," बाबा म्हणाले.

"मायच्या पायापेक्षा बाजार मोठा हाय का?"

बाबांना आजवर घरात कुणी असं विचारलं नव्हतं. आत्या दारातून ओरडली, "तोंड पाह्य पोट्टीचं! बापासंगं बोलून राह्यली का गिऱ्हाइकासंगं?" मी म्हटलं, गिऱ्हाईक असते तर चांगला माल मिळाला असता. बाबांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली, गाडीत टाकली आणि बैल जुंपले. माझ्या दोन जुड्या परत मागितल्या नाहीत. त्या दिवशी मी मेथीचा घोळाणा केला, कच्ची मेथी बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट, वरून तेलाची धार. माय एक घास खाऊन थांबली आणि म्हणाली, "लय कोवळी हाय व. इकाले न्यायची होती." तेवढी वर्षं मेथी पेरून, खुरपून, काढून, जुड्या बांधून तिच्या तोंडी कोवळी मेथी तेव्हा पहिल्यांदा पडत होती.

कारल्यावरून वेगळं युद्ध झालं. आत्याचं म्हणणं, मायनं कारलं खाल्लं तर दूध कडू होईल आणि लेकरू अंगावर प्यायचं सोडेल. मी सुदाला तिच्यासमोर मायच्या मांडीवर दिला. माय कारल्याची भाजी खाऊन उठलेली. पोरगं असं चुटूचुटू प्यायलं की जसं काही बासुंदीच. आत्या म्हणाली, "आज उपाशी असंल." तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी महिनाभरात जखम सुकायला लागली, सूज उतरली. डॉक्टरच्या नळीतलं पाणी या वेळी हिरव्यावर थांबलं आणि तो माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, जिंकलो.

आणि होळी आली.

गाठी म्हणजे साखरेची माळ, हे आता शहरातल्या नातवंडांना सांगावं लागतं. लाकडी साच्यात दोरा ठेवून वर पाक ओतायचा, तो गोठला की दोऱ्यात ओवलेली पांढरी, गुलाबी पदकं निघतात. होळीला लहान लेकरांच्या गळ्यात घालतात. लेकराची पहिली होळी असली की मामाकडून येते, काकांकडून येते, भावकीतलं प्रत्येक घर एक तरी माळ घेऊन येतं. सुदा तर इतक्या वर्षांनी झालेला. त्या होळीला त्याच्या गळ्यात मावेनात इतक्या माळा आल्या. पाळण्याला बांधल्या, खुंट्यांना टांगल्या, उरलेल्या आत्यानं पांढऱ्या फडक्यात बांधून आढ्याला लटकवल्या. खोलीत शिरलं की नाकाला गोड वास यायचा.

दुसऱ्या घरांत उरलेल्या गाठ्यांचं काहीही करतात. पोरांना वाटतात, फोडून चहात टाकतात, पन्ह्यात घालतात. आमच्या भावकीत तशी सोय नव्हती. पहिल्या होळीची गाठी दुसऱ्याच्या लेकराला द्यायची नाही, टाकायची नाही, जनावराला घालायची तर नाहीच. लेकराच्या गळ्यातलं आयुष्य ते, बाहेर गेलं की गेलं. ती गाठी लेकराच्या आईनंच संपवायची, मृग निघायच्या आत. म्हणजे आयुष्य परत जिथून आलं तिथे जातं आणि दुधातून लेकराला मिळतं. ही रीत कुणी काढली मला माहीत नाही. पण एवढं नक्की सांगते, ज्यानं काढली त्याच्या घरात उरलेलं संपवणारी एक बाई आधीपासून होती.

मी आत्याला सांगितलं, डॉक्टरनं गोड बंद केलं आहे. ती म्हणाली, "डाक्टरनं साखर बंद केली. हा देवाचा परसाद हाय, बाधत नाई." मी मायला म्हटलं, तू हात लावायचा नाहीस. माय म्हणाली, "नाई लावत व बाई, तू काऊन कल्ला करून राह्यली?" आणि मी विश्वास ठेवला.

आठ दिवसांत जखम पुन्हा ओली झाली. मला कळेना. मेथी चालू, कारलं चालू, भाकर मोजून. एकदा दुपारी विळा घरी विसरला म्हणून मी मळ्यातून मध्येच परतले. घर सामसूम. माय पाळण्यापाशी बसली होती. एका हातानं पाळण्याची दोरी ओढत होती आणि दुसऱ्या हातात गाठीचं पदक. ती ते खात होती, पण कसं, तर औषध खाल्ल्यासारखं. डोळे मिटून, कडकडा चावून, पटकन गिळून, वर पाणी पिऊन. गोडाची हौस असलेलं माणूस असं खात नाही. मला बघून ती दचकली. मी तिच्या हातातलं पदक ओढून घेतलं.

"पाय कापतील तुहा!"

"कापू दे," माय म्हणाली. "लेकराले काई झालं तं मी काय करू? तुले नाई समजत. इतक्या वर्सानं झाला तो. एक पाय गेला तं गेला."

हे बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता, वांगी तोडायची का भेंडी असं विचारावं तसा. मी ओरडणार होते, पण मला रडूच फुटलं. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिच्या त्या हाताला साखर चिकटलेली होती.

एक सांगून टाकते. आता मलाही साखर आहे. आईची इस्टेट म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं. दिवाळी झाली की माझ्या मुलाच्या फ्रिजमध्ये मिठाईचे डबे एकावर एक रचलेले असतात, सोनपापडीचे, काजूकतलीचे, नातीच्या चॉकलेटांचे. आठवडा जातो, डब्यात दोन-तीन तुकडे राहतात. माझी सून चांगली आहे, शिकलेली आहे, मला गोळ्या वेळेवर देते. तरी परवा तीच म्हणाली, "आई, तेवढे दोन राहिलेत, संपवून टाका ना, डबा घासायचाय." मी डबा तिच्या हातातून घेतला, बाहेर जाऊन फाटकाशी उभ्या असलेल्या गाईपुढे उपडा केला आणि घासून आणून दिला. ती हसली. मी नाही हसले. डबा रिकामा करायला बाईचं पोट लागतं, हे या देशात शिकलेल्यांनाही वाटतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही चिखलीला गेलो. नळीतलं पाणी विटकरीच्याही पुढे गेलं. डॉक्टर या वेळी रागावला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरले. तो म्हणाला, करंगळी काळी पडते आहे, आठ दिवसांनी परत आणा, तेव्हा फरक नसला तर इथून पुढे माझ्या हातात नाही. परतताना बाबा बैलांनाही हाकारत नव्हते.

पाडव्याला सकाळी अंगणात गुढी उभी राहिली. भावकीतल्या बाया आल्या, कारण पहिल्या वर्षाच्या लेकराच्या घरी पाडव्याचा कडुनिंब घ्यायचा असतो. आत्यानं आढ्याचं फडकं खाली काढलं, खुंट्यांवरच्या माळा गोळा केल्या. परातीत ही एवढी रास. सगळ्यांसाठी तिनं दुकानातली वेगळी गाठी फोडून कडुनिंबाच्या फुलांत वाटली होती. सुदाच्या गाठ्यांतलं मोठं गुलाबी पदक तिनं मायसाठी बाजूला काढलं. मायचा पाय फडक्यात बांधलेला, ती उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसलेली. आत्या तिच्यापुढे वाकली. "घे. आन हे परात तुह्यापाशीच ठेवतो. आता हलगर्जीपना नोको करू. मृगाले किती दिस राह्यले?"

मायनं पदक घ्यायला हात पुढे केला. मी तिचा चेहरा पाहिला. ती त्या पदकाकडे बघत नव्हती, पाळण्याकडे बघत होती.

मी परात उचलली. मला पुढचं काही सुचलेलं नव्हतं, फक्त ती परात मायजवळ राहता कामा नये एवढंच डोक्यात होतं. अंगण ओलांडून गोठ्यात गेले. बैल उभेच होते, तांबड्या आणि ढवळ्या, पाडव्याच्या मुहूर्ताचं औत ओढून आलेले, अंगावर घाम. गव्हाणीत सरकीची ढेप भिजवलेली होती. मी एकेक माळ घेतली, दोरा ओढून काढला, कारण बैलाच्या पोटात दोरा जाऊ नये एवढी अक्कल मला रागातही होती. पदकं गव्हाणीच्या कडेवर दगडानं ठेचली आणि ढेपेत मिसळली. तांबड्यानं नाक फुरफुरवलं आणि जीभ लांब काढून ओढायला सुरुवात केली.

मागून पहिल्यांदा पारूकाकूची किंकाळी आली. मग सगळ्या बाया गोठ्याच्या दाराशी. आत्या धावत आली आणि माझी वेणी धरून मागे ओढली. "बुडवलं! भावावर उठली रे अवदसा! लेकराचं आयुष्य जनावराले चारून राह्यली!" मी म्हटलं, हाव, चारते, बैल चार वर्षं जास्त जगला तर काय बिघडलं, माय तर जगेल! तिनं मला मारलं. मी मारून घेतलं आणि दुसऱ्या हातानं पदकं ढेपेत ढकलत राहिले. बाबा धोतराला हात पुसत येऊन उभे राहिले. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. बाया म्हणत होत्या, गव्हाण उपसा, अजून काढता येईल, धुऊन घेता येईल.

तेवढ्यात बाया बाजूला सरकल्या. माय येत होती. भिंत धरून, दुखरा पाय टाचेवर टाकत, कडेवर सुदा. सुदाच्या गळ्यात एक माळ अजून होती, आत्यानं सकाळी शकुनाची म्हणून घातलेली. सगळ्यांना वाटलं माय आता मला दोन ठेवून देणार. मलाही तसंच वाटलं. अंगण संपेपर्यंत तिला वेळ लागला आणि तोवर तांबड्याच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

माय माझ्याजवळून पुढे गेली. गव्हाणीपाशी थांबली. सुदाच्या गळ्यातली माळ तिनं काढली, तो रडायला लागला. तिनं दातानं दोरा तोडला. एक छोटं पांढरं पदक सुदाच्या मुठीत दिलं, तो लगेच गप्प झाला. बाकीची तळहातावर घेऊन तिनं तांबड्याच्या तोंडापुढे धरली. बैलानं तिचा तळहात चाटून पुसून साफ केला.

"बाई," ती आत्याला म्हणाली. आत्यापुढे माय एरवी मान वर करून बोलायची नाही. "लेकराले माय पाह्यजे. गाठी नाई."

आत्या म्हणाली, "आन काई झालं मंग?"

"झालं तं माह्यावर घाला. इमलले बोलू नका." मग ती बायांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "जल्मभर मी या घरचं उरलंसुरलं खाल्लं. नासलं थे खाल्लं, आंबलं थे खाल्लं. माह्यं पोट म्हनजे काय उकिरडा हाय? आता नाई खात. ज्याले फेकाचं जिवावर येते त्यानं सोता खाव."

पारूकाकू पदर सावरत निघून गेल्या, मग बाकीच्या. आत्या जागची हलली नाही. तिच्या हातात ते गुलाबी पदक अजून तसंच होतं. तिनं कधी स्वतःच्या लेकराच्या गळ्यात गाठी घातली नव्हती, तिला लेकरूच नव्हतं, हे मला आता या वयात कळतं. कळतं म्हणून मी तिला माफ केलं आहे असं मात्र नाही.

तो उन्हाळा मी भीतीत काढला. बाहेर छाती काढून फिरायची आणि सुदा शिंकला की पाळण्यापाशी धावायची. एकदा त्याला ताप आला तेव्हा आत्या नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी त्या दिवशी अन्नाला शिवले नाही. दात येत होते, दुसरं काही नव्हतं. सुदानं आता साठी कधीच ओलांडली आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, आणि माझ्याशी भांडताना तो अजून म्हणतो की माझं आयुष्य तू बैलाला चारलंस. मी म्हणते, म्हणून तर बैलासारखा धडधाकट आहेस. मायची करंगळी मात्र गेली. डॉक्टरनं ती काढली आणि पाय वाचवला. चार बोटांच्या पायानं ती पुढे सुदाचं लग्न, त्याची लेकरं, सगळं बघेपर्यंत मळ्यात चालली. बाजाराच्या पहाटे पहिली मेथीची जुडी घरात राहायची. ती बाबा स्वतः उंबऱ्याच्या आत ठेवायचे आणि मग गाडी जुंपायचे.

आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्या केसांना तेल लावायची, पण तोंडातून शब्द नाही. मीही गेले नाही मनवायला. चुकले असते तर गेले असते.

पुढची होळी आली. गाठ्या पुन्हा आल्या, पहिल्या वर्षाइतक्या नाहीत, तरी खुंटी भरली. सुदानं एक पदक चोखलं, अर्धं अंगाला फासलं, उरलेलं फेकून दिलं. संध्याकाळी माय गोठ्यात ढेप भिजवत होती. मी खुंटीवरच्या माळा काढल्या आणि ओट्यावर बसून दोरे ओढायला लागले. आत्या कोठीच्या दारात उभी होती. तिथून तिला सगळं दिसत होतं. मी मनात तयारी केली, आता झाली सुरुवात. ती पायरी उतरून माझ्यासमोर आली, ओट्यावर टेकली आणि एक माळ उचलून तिचा दोरा सोडवायला लागली. तिच्या बोटांना ते नीट जमत नव्हतं. वर न बघता, वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"तांबड्याले दोन जास्त घाल व इमल. मोटेवर तोच जास्त राबते."